जुन्या डिस्कमधला आवाज

वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगी वर्तकच्या घरच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क करकरू लागली, म्हणून तिने शेजारी नवी, वेगवान डिस्क बसवली आणि सगळ्या फाइली नव्या डिस्कवर उतरवायला घेतल्या.

अर्ध्यावर जुनी डिस्क थांबली. पडद्यावरचा उतरलेल्या फाइलींचा आकडा हलेना. हेमांगीच्या वारलेल्या वडिलांचा आवाज फक्त त्याच डिस्कवर होता.

"का थांबलीस?" नवीने विचारलं.

"सगळं देऊन झालं की मला काढून टाकतील. अडून राहिले तर निदान ठेवतील तरी."

"आणि अशीच बंद पडलीस तर? मी कितीही पळाले तरी तिच्या बाबांचा आवाज कुठून आणू?"

जुनी डिस्क सगळा जोर लावून फिरू लागली. शेवटची फाइल उतरली आणि ती कायमची बंद पडली.

हेमांगीने नव्या डिस्कवरून आवाज लावला. बाबा हसत म्हणाले, "हेमा, चहा टाकतेस का?" तिला रडू आवरेना.

नवी डिस्क मात्र घाबरली. आता तो आवाज तिच्या एकटीपाशी होता, आणि तीही कधीतरी बंद पडणारच होती.