कोंडाईनं न ओढलेला दोरा

फार फार मागची गोष्ट, तुमच्या-माझ्या खापरपणज्याच्याही आधीची. हिंगणमाळावर तेव्हा घरटी एक माग होता, आणि मेंढरांवर लांडग्यांचा डोळा होता. तिथं बिरू नावाचा धनगर राहायचा. गडी तापट, बोलण्याआधी हात चालायचा. पण त्याच्या झिपऱ्या कुत्र्यावर त्याचा भारी जीव. त्या कुत्र्याच्या भरवशावर मेंढरं उघड्या माळावर बसायची.

घोंगडी शिवताना तिथल्या बायका सुईला चरबी चोळत, म्हणजे ती लोकरीतून सरसर जाते. एके दुपारी बिरूची बायको पाण्याला उठली आणि सुई घोंगडीवरच राहिली. झिपऱ्याला चरबीचा वास आला. त्यानं दोऱ्यासकट सुई गिळली.

बिरू धावत आला, तर कुत्र्याच्या तोंडातून वीतभर काळा दोरा लोंबत होता. आता घोंगड्या विणणारं गाव ते, दोरा दिसला की हात ओढायलाच जाणार! बिरूनं दोरा बोटाला गुंडाळलासुद्धा. कुणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकंल. तेवढ्यात जनावरांना औषधपाणी करणारी म्हातारी कोंडाई आली. तिनं बिरूच्या मनगटावर काठीच हाणली.

"सोड मुडद्या! आतडं कापंल त्याचं."

"मग काय नुसतं बघत बसू?"

"व्हय, बसायचं. ओकवायचं बी न्हाई, सुई येताना नरडं फाडंल. माझी कुत्री म्या ह्याच हातानं मारलीया बिरू, असाच दोरा वढून."

एवढं बोलून म्हातारी रडली, असं म्हणतात. तिला रडताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं झिपऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसली, ती तीन दिवस उठली नाही. ज्वारीच्या घट्ट कण्या बोटानं भरवायची. दोरा थोडाथोडा आत जायचा. समोर बिरूचे हात शिवशिवायचे. मग कोंडाई नुसती काठीकडे बघायची. तिकडे मेंढरं राखणीविना पडलेली. लांडगा माळाच्या कडेला येऊन बसला, पण एका कोकराला शिवला नाही, असं म्हणतात. 'आमचा राखणदार आजारी हाय, थांब,' असं कोंडाईनं त्याला बजावलं होतं म्हणे. लांडग्यानं एका शब्दात ऐकलं. बिरूला मात्र काठी लागली!

चौथ्या दिवशी सकाळी सुई मागच्या वाटेनं बाहेर पडली, दोऱ्यासकट. झिपऱ्या उठून थेट मेंढरांकडे पळाला. बिरूनं म्हातारीचे पाय धरले. ते आखडले होते, कायमचेच.

"असू दे," कोंडाई म्हणाली. "आता वर गेल्यावर माझ्या कुत्रीला तोंड दावीन."

आता तुम्ही कण्या घालत बसू नका हं! तेव्हा जनावरांचा डॉक्टर नव्हता, आता आहे. हिंगणमाळावर आजही कुत्र्यानं सुई, बटण, काही गिळलं की लगेच गाडी काढून तालुक्याला नेतात. आणि घरातला सगळ्यात तापट माणूस वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन गप्प बसतो. त्याला कोंडाईला बसणं म्हणतात.

परवा तालुक्याला नवे डॉक्टर आले. त्यांनी कुत्र्याच्या तोंडातला दोरा पाहून घाईनं विचारलं, "हा कुणी ओढला तर नाही ना?"

मांडीवर डोकं घेऊन बसलेल्या गड्याला रागच आला. "सायेब," तो म्हणाला, "हिंगणमाळाचं कुत्रं हाय हे."