निळारणीच्या घरातले दोन राखणदार

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, ते विचारू नका. ज्यांच्याकडून मी ती ऐकली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी मोठ्यांजवळ सरकून बसावं, आणि मोठ्यांनी आपण घाबरत नाही असा आव आणू नये.

रानाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात प्रत्येक घराला एक राखणदार असे. तो दिसत नसे, पण घर तोच चालवी. चूल पेटवणं, पाणी भरणं, दार लावणं, सगळं त्याच्याकडे. सकाळी घरधनीण उंबरठ्यावर टाच आपटून "ऊठ" म्हणाली, की तो उठे.

निजवणं मात्र वेळखाऊ होतं. दिवेलागणीला तो मधल्या खांबातून एकेक गोष्ट विचारी. दोर कुठं आहे? घागर कुठं आहे? वासरू कुठं आहे? बाईने प्रत्येकाचं खरं उत्तर द्यायचं आणि शेवटी म्हणायचं, "काम संपलं, हात रिकामे कर." मग तो गाढ झोपे.

आता रोज रोज एवढी उत्तरं कोण देत बसणार? गावातल्या बायकांनी पळवाट काढली. त्या नुसतं म्हणत, "थांब जरा." राखणदार हातातलं काम हातात धरून उभ्या उभ्या डुलकी घेई, आणि सकाळी उठेही चटकन. सगळं गाव असंच करी. घरात राखणदार एकच असेल, तर त्यात बिघडणार तरी काय?

त्या गावात एक निळारीण राहत असे. जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ मुरवायची आणि त्यात कापड बुडवून रंगवायचं, हा तिचा धंदा. घरात ती आणि तिचे आंधळे वडील, दोघंच. वडिलांना सगळे आबा म्हणत.

दृष्टी गेल्यापासून आबा राखणदाराचं बोट धरून चालत. रोज दिवेलागणीला तो त्यांना खाटेवरून उठवी आणि परसदारी नेऊन बसवी. ते बोट चिंचेच्या सालीसारखं खरखरीत आहे, असं आबा सांगत. दुसऱ्या कुणी ते कधी धरलं नव्हतं.

पण राखणदार म्हातारा झाला होता. चूल पेटवायला तो अर्धी सकाळ घाली. रांजण ढवळायचा विसरे, मग नीळ नासे आणि कापडाला मळकट रंग चढे. निळारीण वैतागली होती. तिचं चुकत होतं, असं मी म्हणणार नाही.

रानात एक म्हातारी नवे राखणदार घडवी आणि मागेल त्याला देऊन टाकी. निळारीण तिच्याकडे गेली.

"जुन्याला हाकलू नको," म्हातारी म्हणाली. "आधी हा टोपलीत घेऊन जा. टोपली उंबऱ्यावर ठेव आन् दिवसभर काम करवून बघ. न्हाई पटला तर टोपली उचल, त्याची खूणसुद्धा घरात राहायची न्हाई. पटला तर घराच्या मधून तांदळाच्या पिठाची रेघ ओढ. अलीकडं जुना, पलीकडं नवा."

"आणि दोघं भांडले तर?"

"एका वेळी एकच जागा असतो, भांडतील कसे? दाराच्या कोनाड्यात पिंगळा, ते बारकं घुबड, येऊन बसंल. रोज सकाळी इचारंल, कुणाला उठवू म्हणून. दहा श्वासांत सांगायचं. न्हाई सांगितलं, तर तो नव्याला उठवंल." म्हातारीने टोपली तिच्या हातात दिली. "एकच सांभाळ. नव्याचा हात रेघेअलीकडं येऊ द्यायचा असंल, तर आधी जुन्याला पुरता निजव. डुलकी न्हाई. पुरता."

निळारणीने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

नव्याने टोपलीत बसल्या बसल्याच असं काम केलं, की ती बघत राहिली. चूल क्षणात पेटली, आणि कापड रांजणातून वर आलं ते मोराच्या गळ्याच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी तिने रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी कोनाड्यात पिंगळा येऊन बसला आणि मान गर्रकन वळवून म्हणाला, "कुणाला उठवू?"

कधी ती नव्याचं नाव घेई, कधी जुन्याचं. जुन्याचं घेई ते आबांसाठी. नव्याचं बोट आबांनी एकदाच धरलं होतं. "गार हाय," ते म्हणाले. "आन् लई भरभर चालतो. मला आपला म्हाताराच बरा."

एका संध्याकाळी जुना जागा होता. आबांना परसदारी न्यायला तो खाटेपाशी आला होता, एवढ्यात दारात माणसं आली. लग्नघरचं कापड होतं, ढीगभर, आणि आठ दिवसांत रंगवून हवं होतं. निळारणीची धांदल उडाली. खांबातला आवाज "दोर कुठं आहे?" असं विचारू लागला, तशी ती म्हणाली, "थांब जरा." आणि तो थांबला. आबांनी आपलं चाचपत पुन्हा खाट गाठली.

पुढचे आठ दिवस पिंगळ्याला एकच उत्तर मिळालं, "नव्याला."

नव्याचा आवाज पाण्याच्या तळातून आल्यासारखा येई. दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, "रांजण कमी पडतोय. रेघेअलीकडे, जुन्याच्या भागात, जागा रिकामी आहे. तिथे पुरू का एक?"

तिला म्हातारीचे शब्द आठवले. तिने खांबाकडे पाहिलं. खांब गप्प होता. निजलाय की, असं तिने स्वतःला समजावलं आणि म्हणाली, "पूर."

माणूसभर खोल रांजण पुरला गेला, तो आबांची खाट आणि परसदार यांच्या बरोबर मधोमध.

"कसला खणाखणीचा आवाज?" आबांनी विचारलं.

"नवा रांजण पुरलाय, आबा. तुमच्या वाटेतच आलाय."

"माझ्या म्हाताऱ्याला ठाऊक हाय न्हवं?"

"असेल की," निळारीण म्हणाली. त्याच आठवड्यात चारापाणी करायला सवड नाही म्हणून तिने वासरूही मावशीच्या गावी धाडून दिलं.

नवव्या सकाळी सगळं कापड रंगून झालं. आबा म्हणाले, "पोरी, आठ दिस खाटेवर हाय. आज माझ्यावाल्याला उठव." तिलाही वाईट वाटलं. पिंगळ्याने विचारलं, तेव्हा तिने जुन्याचं नाव घेतलं. पिंगळा नेहमीसारखा लगेच उडाला नाही. त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग तो उडाला.

ऊन चांगलं वर आलं होतं. तरी घरात दिवा लागला.

निळारणीला हसू आलं. मग गोठ्यात चारा पडल्याचा आवाज झाला आणि जुन्याचा मायेचा आवाज आला, "खा रे बाळा, खा." गोठा रिकामा होता. दाराला आतून कडी बसली, कारण दिवेलागणीला दार लावायचं असतं. चळलं म्हातारं, असं म्हणत तिने कडी काढली आणि ओली कापडं घेऊन ती अंगणात गेली. नवा रांजण तिने ढवळायला म्हणून उघडाच ठेवला होता.

तो चळला नव्हता. त्याच्या लेखी ती आठ दिवसांपूर्वीचीच संध्याकाळ होती. तो डोळ्यांनी घर बघतच नव्हता. जसं ठेवून तो थांबला होता, तसंच घर त्याच्या मनात होतं.

"चला आबा, परसदारी बसू," असं तिच्या कानावर आलं.

"अरे, सकाळ हाय," आबा हसून म्हणाले. "पर चल. तुझं बोट तरी घावलं."

हातातली कापडं टाकून ती धावली. "आबा," ती ओरडली. "आबा, थांबा." ती दारात पोचली, तेव्हा आबा एक हात पुढे करून, निर्धास्त चेहऱ्याने पाऊल टाकत होते. ते पाऊल रांजणात पडलं.

तिने त्यांना बाहेर ओढलं, तोवर सगळं संपलं होतं. आबांचे केस, हात, चेहरा, सगळं निळं झालं होतं. आणि परसदारातून जुन्याचा आवाज येत होता, "बसा आबा. वारा बरा आहे ना?" मग उत्तर यायला लागेल एवढा वेळ शांतता. मग जुना हसला.

तेरा दिवस असंच चाललं. ती पिंगळ्याला नव्याचं नाव सांगे, पण पिंगळा म्हणे, "जुना अजून जागाच आहे, डुलकीतही नाही, दुसऱ्याला कसा उठवू?" आणि "थांब जरा" म्हणायची आता तिची छाती होत नव्हती. भर उन्हात घरात दिवा लागे. कुणीतरी रांजणावरून चालत परसदारी जाई, बोले, उत्तराला थांबे आणि हसे. निळारणीला त्याची भीती वाटे. त्याहून भीती वाटे ती त्याला निजवण्याची, कारण त्याचे सगळे प्रश्न तिला ठाऊक होते.

तेराव्या दिवशी ती खांबापुढे बसली.

"दोर कुठं आहे?"

"खुंटीला."

"घागर?"

"चुलीपाशी."

"वासरू?"

"मावशीच्या गावी. आठ दिवस तू थांबला होतास, तेव्हा धाडलं."

मग आवाज आला, "आणि आबा?"

"आबा गेले," ती म्हणाली. "वाटेत मी रांजण पुरायला सांगितला आणि तुला सांगितलं नाही. तू उठलास त्याच सकाळी ते त्यात पडून गेले. तुझा दोष नाही, माझा आहे."

"लेकी," जुना हळूच म्हणाला, "मग तेरा दिवस माझं बोट धरून कोण चालतंय?"

तिने परसदाराकडे पाहिलं. ती कशीबशी म्हणाली, "काम संपलं, हात रिकामे कर." दिवा विझला. जुना पुन्हा कधीच उठला नाही, आणि त्या परसदारी ती पुन्हा कधी बसली नाही.

बोध एवढाच: घरात नव्याला जागा जरूर द्यावी, पण जुन्याच्या हातातलं काम संपवून आणि घरातला बदल त्याला सांगूनच.