तेलात शिरलेले पाणी

एक वृद्ध मिस्त्री खाडीकाठच्या बंदरावर बोटींची यंत्रे दुरुस्त करीत असे. सारे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्यापाशी सात वर्षे शिकून हरेश्वर नावाच्या शिष्याने पलीकडच्या तीरावर स्वतंत्र दुकान थाटले होते. हरेश्वरचा हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

त्या तीरावरच्या गावच्या प्रवासी होडीचे काम त्याच्याकडे असे. होडीचा पंखा फिरवणारा गिअरचा डबा सदैव पाण्याखाली असतो. त्यात तेल असते, आणि पंख्याच्या दांड्याभोवतीची रबरी सिले पाण्याला आत येऊ देत नाहीत. एके दिवशी त्या डब्यातले तेल ताकासारखे पांढरे निघाले. पाणी शिरले होते. हरेश्वरने डब्यात पंपाने हवा भरून पाहिली. दाबाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे सिले शाबूत. मग दांड्याला गुरफटलेला जाळ्याचा नायलॉनचा दोरा त्याला सापडला. तो अडकून सील क्षणभर उचलले गेले आणि पाणी शिरले, असे त्याने ठरवले. तो दोरा उंच धरून त्याने धक्क्यावर चारचौघांत सांगितले, की गजाबा तांडेलांना आता दिसत नाही, ते जाळ्यांवरून होडी घालतात. बावीस वर्षे सुकाणू धरलेले गजाबा काही सांगू पाहत होते. हरेश्वरने त्यांना बोलू दिले नाही. होडी चालवणाऱ्या मंडळाने गजाबांना घरी बसवले.

महिनाभरात, नव्या तांडेलाच्या हाती होडी असताना, तेल पुन्हा पांढरे झाले. या खेपेस दोरा कुठेच नव्हता. हरेश्वरने डबा उतरवला आणि उस्तादाकडे नेला.

उस्तादाने हवा भरली. काटा स्थिर राहिला. हरेश्वरला हायसे वाटले. आपणही हेच पाहिले होते, असे तो घाईने म्हणाला. उस्तादाने मात्र ती सारी हवा सोडून दिली, नळी पंपाच्या दुसऱ्या तोंडाला लावली आणि तो डब्यातली हवा बाहेर ओढू लागला. धरलेली हवा काढायची कशाला, हे हरेश्वरला कळेना. म्हातारपणी उस्तादाचा गोंधळ होतो आहे, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

ओढणे थांबवल्यावर काटा सावकाश शून्याकडे घसरू लागला. उस्तादाने दांड्याभोवती ग्रीसचा जाड थर थापला. काटा थांबला, म्हणजे हवा तिथूनच आत शिरत होती.

उस्तादाच्या सांगण्यावरून हरेश्वरने तिथली दोन्ही सिले काढली. एकाचा ओठ, म्हणजे रबराची लवचीक कड, आत हवा, तेल धरण्यासाठी. दुसऱ्याचा बाहेर, पाणी अडवण्यासाठी. इथे दोन्ही ओठ आतल्या बाजूला होते. गेल्या वर्षी ती सिले त्यानेच घाईघाईत बसवली होती. हातातले सील खाली ठेवायचेही त्याला सुचेना.

"होडी चालते तेव्हा तेल तापतं," उस्ताद म्हणाला, "आतून दाब देतं, पाणी बाहेरच राहतं. होडी थांबली, तेल निवलं, की डबा पाणी ओढून घेतो. तू आतून दाब देऊन पाहिलंस, कारण तुला तुझं काम बरोबर आहे हे बघायचं होतं. त्या बाजूनं ते बरोबरच होतं. गजाबा काय म्हणत होता?"

"मी ऐकलंच नाही, उस्ताद."

उस्तादाने पुढे काही विचारले नाही. ते विचारले असते तर बरे, असे हरेश्वरला वाटले.

दुसऱ्या दिवशी सिले नीट बसवून त्याने दोन्ही परीक्षा घेतल्या, डबा होडीला जोडला, आणि गजाबांना घरून बोलावून आणले. धक्क्यावर माणसे उभी होती, मंडळाचे लोकही होते. चूक माझी होती, काकांची नव्हती, एवढेच त्याने सर्वांसमोर सांगितले. मग त्याने विचारले, "काका, त्या दिवशी काय सांगत होता?"

"आदल्या संध्याकाळी बूच काढलं तेव्हा तेल चांगलं होतं," गजाबा म्हणाले. "होडी रात्रभर उभी राहिली, आणि सकाळी पांढरं. तेवढंच."

मंडळाने त्यांना पुन्हा सुकाणू दिले. त्या दुपारी हरेश्वर त्याच होडीने उस्तादाकडे निघाला. गजाबांनी हात देऊन त्याला आत घेतले आणि आपल्या शेजारी बसवले. खाडी ओलांडेपर्यंत त्याला त्यांच्याकडे पाहवले नाही.

आपण बरोबर ठरू अशी परीक्षा आपण आपणहून घेतो. आपली चूक दाखवील अशी दुसरी घ्यायची राहून जाते.