दोन राजे, एक वस्तरा

चंद्रगडच्या गादीसाठी खेमराज आणि सोमदेव हे चुलतभाऊ सात वर्षं लढत होते. नदीच्या अल्याड एकाची छावणी, पल्याड दुसऱ्याची. सात वर्षांत दोघांना काय मिळालं म्हणाल, तर पांढरे केस! एका गोष्टीत मात्र दोघांचं एकमत होतं. दाढी करायची ती म्हाताऱ्या गोमाजी न्हाव्याकडूनच. दोघांचं जावळ त्यानेच काढलं होतं. त्यामुळे त्याची वस्तऱ्या-कात्रीची धोकटी दोन्हीकडचे पहारेकरी न तपासताच सोडत.

एके सकाळी दाढीला बसता बसता खेमराजांनी फर्मावलं, "गोमाजी, उद्या सोमदेवाच्या गळ्यावर वस्तरा जरा खोल फिरव. पाच गावं इनाम देतो. नाही म्हणालास, तर तुझीच मान जाईल."

सरदारांनी माना डोलावल्या. गोमाजी शांतपणे वस्तऱ्याला धार लावत राहिला.

"महाराज, काल सोमदेवराजांनीही हेच सांगितलं. ते सात गावं देत होते."

खेमराजांचा हात नकळत गळ्याकडे गेला. "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, राजे, असलं काम करणारा न्हावी मी असतो, तर आज माझ्यापुढे मान वर करून बसायला तुम्ही उरला असता का?"

खेमराजांनी हळूच विचारलं, "आणि सोमदेव काय म्हणाला?"

"काही नाही, महाराज. लहानपणी मिटायचे तसे डोळे मिटले आणि मान वर केली."

खेमराजांनी घटकाभर नदीपल्याड पाहिलं. मग डोळे मिटले आणि मान वर केली.