डुबुक! कमळाची बी पाण्यात

एक होतं तळं. तळ्यात होती कमळं. गुलाबी गुलाबी! काठावरच्या बिळात राहायचं उंदराचं पिल्लू. त्याचं नाव चिटुक.

चिटुकच्या आईला आला ताप. तिला काहीच गोड लागेना.
"कमळाची बी मिळाली तर खाईन हो," आई म्हणाली.

चिटुकला मिळाली एकच बी. हिरवी, गोलमटोल! बी तोंडात धरून ते निघालं तुरुतुरु, तुरुतुरु. पाय घसरला. बी गेली पाण्यात. डुबुक!

तळ्यावर होती हौसामावशी. ती चिखलातून कमळकाकडी काढायची. हाताने नाही हं, पायाने! बोटांनी चाचपून चाचपून.

चिटुक गेलं तुरुतुरु.
"मावशी, मावशी, बी काढून दे!
आई माझी जेवेना!"
"काढीन की रे राजा. पण पाय गारठतात. आधी तेल हवं, मग पाण्यात उतरीन."

जवळच होता तेलाचा घाणा. घाण्यात होते तीळ. बैल मात्र बसलेला.
चिटुक गेलं तुरुतुरु.
"बैलदादा, बैलदादा, तेल दे!
मावशी पाण्यात उतरेना,
आई माझी जेवेना!"
"हम्माऽऽ! आधी गवत हवं, मग घाणा फिरवीन."

चिटुक गेलं तुरुतुरु.
"गवतबाई, गवतबाई, पाती दे!
बैल घाणा फिरवेना,
मावशी पाण्यात उतरेना,
आई माझी जेवेना!"
"सळसळ! आधी पाणी हवं, मग पाती देईन. कमळाच्या पानातून आण."

चिटुक गेलं तुरुतुरु.
"कमळताई, कमळताई, पान दे!
गवत पाती देईना,
बैल घाणा फिरवेना,
मावशी पाण्यात उतरेना,
आई माझी जेवेना!"

कमळ म्हणालं, "सगळे येतात. पान नेतात, बी नेतात, काकडी नेतात. थांबत कुणीच नाही. आधी माझा वास घे, मग पान देईन."

एवढंच? चिटुक थांबलं. डोळे मिटले. नाक वर केलं.
हुंऽऽऽ!
"अहाहा! कमळताई, किती गं छान!"

कमळ हसलं खुदकन. त्याने दिलं पान. पानातून गेलं पाणी, डुचमळ डुचमळ. गवताने दिली पाती. बैलाने फिरवला घाणा, कर्र कर्र. तेल आलं! मावशीने पायांना चोळलं आणि उतरली पाण्यात, चुबुक चुबुक.

"हा खडा. ही काकडी. आणि हीऽऽऽ चिटुकची बी!"

चिटुक घरी धावलं. आईने बी खाल्ली, कुटुकुटु. तिला आली तरतरी. ती उठून बसली.
"कुणी रे दिली?"
चिटुकने सगळं सांगितलं.

आईने हात जोडले.
"कमळाचं भलं होवो,
गवताचं भलं होवो,
बैलाचं भलं होवो,
मावशीचं भलं होवो!"

"आणि माझं गं?"

आईने त्याला कुशीत ओढलं. घेतला एक पापा. चुप्प!
"तुझं तर सगळ्यांच्या आधी!"