झुंबरने पट्टी लावली

कुठल्याशा वाडीत झुंबर नावाचा एक भोळा नवरा राहत होता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही, हीच तर घरच्यांची पंचाईत होती. आईने "कोंबड्या झाकून ये" म्हटलं, तर याने कोंबड्यांच्या अंगावर गोधडी घातली आणि त्यांचा डोळा लागेपर्यंत शेजारी बसून राहिला.

त्याची बायको कांचन. पाळी आली की तिच्या ओटीपोटात कळा यायच्या आणि कंबर कुणी पिळून काढल्यासारखी व्हायची. सासूबाई द्वारकाबाई. त्यांच्याकडे त्यावर एकच औषध होतं. "आम्ही काय बायका नव्हतो?" एवढं म्हणायच्या आणि पडवीत पोतं टाकून द्यायच्या. चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही, माणसाला शिवायचं नाही. खुरपणीला मात्र जायचं. तणाला विटाळ होत नाही, असं त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं.

एकदा कळा सोसेनात, तेव्हा झुंबर तिला तालुक्याला फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी ओटीपोटावर आणि कमरेवर निळी चिकटपट्टी लावली.

"सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं. आला तर दर वेळी लावा."

कांचनला आला. कळा पार गेल्या नाहीत, पण उभं राहता आलं, पाठ टेकता आली. बाईंनी आणखी पट्ट्या कापून दिल्या आणि झुंबरला बजावलं, "पोटाला ती लावेल. कमरेला तिचा हात पोचत नाही. तिथे तुम्ही लावायची. दुखेल तिथे."

"लावतो," झुंबर म्हणाला. आणि लावतो म्हणाला म्हणजे तो लावणारच.

पुढची पाळी नेमकी कांद्याच्या खुरपणीच्या आदल्या दिवशी आली. कांचनच्या कळा सुरू झाल्या. उद्या दिवसभर वाफ्यात उकिडवं बसायचं. पोटावरची पट्टी तिने कशीबशी लावली आणि हाक मारली.

"अहो, कमरेची लावता का? नाहीतर उद्या मी रानातच आडवी होईन."

झुंबर धावला. तेवढ्यात आतून द्वारकाबाई ओरडल्या, "झुंबऱ्या! शिवायचं नाही हां तिला!"

झुंबर थबकला. लावायची तर आहे, शिवायचं तर नाही. त्याने डोकं चालवलं आणि पट्टी भिंतीला चिकटवली.

"हं. आता टेकून बस."

"अहो, भिंतीला काय होतंय? माणसाच्या अंगाला लावायची असते!"

"असं होय!" झुंबर म्हणाला. सदरा वर केला आणि दुसरी पट्टी स्वतःच्या कमरेला लावली. मग कांचनच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"वाटतंय का बरं?"

"तुम्हाला काय होतंय? बाईचं दुखणं आहे हे, बाईच्या कमरेला लावा!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

द्वारकाबाई वाकून चूल फुंकत होत्या. लुगडं आणि चोळी यांच्या मधे कंबर उघडीच होती. झुंबरने तिसरी पट्टी तिथे चापून बसवली. द्वारकाबाईंना वाटलं, पाल पडली. त्यांनी अशी किंकाळी फोडली की शेजारचं कुत्रं गाव सोडून पळालं.

कांचनला रडावं की हसावं कळेना. कळ तर डोक्यापर्यंत चढली होती. तिने दोन्ही हात कपाळावर मारले.

"अहो, ज्याची कंबर दुखते तो माणूस लांबून ओळखू येतो! कमरेवर हात असतात त्याचे! तेवढं तरी बघा हो!"

झुंबरने बघितलं. कांचनचे हात कपाळावर. आईच्या एका हातात फुंकणी, दुसरा पट्टी ओढायला पाठीमागे. स्वतःच्या हातात शेवटच्या दोन पट्ट्या. मग त्याची नजर देव्हाऱ्यात गेली आणि तो कळवळला.

"अरेरे! हा तर कधीचा कमरेवर हात ठेवून उभा आहे. आजवर कुणी विचारलं नाही रे देवा तुला!"

आणि त्याने एक पट्टी विठोबाच्या कमरेला लावली.

द्वारकाबाईंच्या हातून फुंकणी पडली. "मेल्या! अरे, तिच्यासाठी आणलेली पट्टी देवाला? पितळेच्या मूर्तीला कसली आलीय कंबरदुखी? जिवंत पोर तिकडे कळवळतेय, तिला लाव!"

"पण शिवायचं नाही ना तिला?"

"शिव! शिव एकदाचा! मलाच बाई आता सोसवेना."

झुंबर गेला आणि शेवटची पट्टी कांचनच्या कमरेला लावली. बाईंनी दाखवली होती तश्शी, एक सुरकुती नाही. थोड्या वेळाने कांचनने हळूच पाय लांब केले.

"आता?"

"आता जरा बरं वाटतंय."

सकाळी द्वारकाबाई पूजेला बसल्या, तर देव्हाऱ्यात विठोबा नाही. पडवीत आल्या. पोत्यावर कांचन गाढ झोपलेली, झुंबरचा पत्ता नाही, टोपली नाही, खुरपं नाही. त्या तशाच रानाकडे पळत सुटल्या.

वाफ्यात विठोबा उभा होता. कमरेला निळी पट्टी, पुढ्यात खुरपं.

"झुंबऱ्या! देवाला कुठे आणलंस रे?"

"आई, हिची पट्टी त्याला लागली. म्हणजे त्यालाही विटाळ. आता देव्हारा नाही, चूल नाही. खुरपणी तेवढी चालते, तूच सांगितलंयस." मग तो विठोबापाशी उकिडवा बसला आणि समजुतीने म्हणाला, "हे बघा देवा, कंबर आता दुखायची थांबली असेल. हात खाली घ्या आणि लागा कामाला. तण तेवढं उपटायचं. कांद्याला शिवायचं नाही."