शेंदरी पडवळाच्या बिया

ओढ्याकाठच्या एका गावात सखोबा नावाचा माणूस राहायचा. शेती बेताचीच, पण परसबाग अशी की जाणारा-येणारा कुंपणाशी थांबायचाच. पांढरी कारली होती, बिनकाट्याची वांगी होती. आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे शेंदरी पडवळ! एरवी पडवळ पिकल्यावर तांबडं होतं. हे कोवळेपणापासूनच शेंदरी. मांडवाला लोंबायला लागलं की लोक लेकराबाळांना घेऊन बघायला येत.

हे वाण सखोबाच्या आईनं मरेपर्यंत सांभाळलेलं. सखोबाही राबायचा, खोटं कशाला बोला. फळ वाकडं होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दगड बांधायचा. एक फळ चिंधी बांधून बियाण्याला राखायचा. मग बिया राखेत घोळून मडक्यात, आणि मडकं चुलीवर धुराला टांगलेलं. सगळं आई करायची तसंच.

फक्त आई मागेल त्याला दर वर्षी बी द्यायची, म्हणून गावात कुणी आपलं वेगळं बी राखत नसे; ती गेली आणि हा देईना. भाजी मागा, टोपली भरून देईल. बी मागा, की याचं तोंड फिरलंच. दुसऱ्याच्या दारी हा वेल चढला तर आपल्या दारी कोण येणार, ही त्याची धास्ती.

धाकटी बहीण येसू लग्न होऊन सासरी निघायची होती. आदल्या दिवशी चार बायकांदेखत तिनं मागणं मागितलं. दागिना नको, लुगडं नको, आईच्या पडवळाच्या बिया तेवढ्या ओटीत घाल, म्हणाली. आता नाही कसं म्हणणार? सखोबा आत गेला. चुलीवर आधण उकळत होतं. त्यानं बारा बिया मोजल्या, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या आणि परसात उन्हात वाळवल्या. वरून पाहता काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या आपल्या हातानं बहिणीच्या ओटीत घातल्या.

सात वर्षं गेली. धास्ती काही गेली नाही, उलट वाढली. स्वयंपाकघरात बाया येतात-जातात, एखादीनं मडक्यात हात घातला म्हणजे? म्हणून त्यानं चुलीवरचं मडकं काढलं आणि माजघरात जमीन उकरून पुरून टाकलं. पेरणीच्या दिवसांत उकरून बघतो तर मडक्यात ओल शिरलेली. बियांचा बुरशी चढून लगदा झालेला. वेल एका हंगामाचा, तो कधीच वाळून गेला होता. आणि साऱ्या मुलखात दुसऱ्या कुणाकडे एक बी नव्हती, कारण यानंच दिली नव्हती. खड्ड्यापाशी बसून तो ढसाढसा रडला.

शेजारी म्हणाला, अरे, येसूकडे असेल की, तिला तू दिल्या होत्यास ना. सखोबाला सगळं ठाऊक होतं. तरी मन वेडं असतं. बारांतली एखादी तरी पाण्यातून वाचली असेल, या आशेवर तो बहिणीच्या गावी गेला.

येसूनं भावाला पाणी दिलं, गूळ दिला. पडवळाचं नाव काढताच तिची मान खाली गेली.

"दादा, पहिल्या वर्षी तीन लावल्या, दुसऱ्या वर्षी चार. एकही उगवली नाही. सासूबाई म्हणाल्या, हिच्या हाताला गुण नाही. तेव्हापासून मला वाफ्याला हात लावू देत नाहीत. आईची वस्तू माझ्यापाशी आली नि मी घालवली."

मग आत जाऊन तिनं एक पुरचुंडी आणली. दर वर्षी राख बदलून तिनं पाच बिया जपल्या होत्या. त्या भावाच्या हातावर ठेवत म्हणाली, "तू लाव. तुझ्या हातानं येतील."

सखोबानं सांगायला तोंड उघडलं. पण "बरं, लावतो" एवढंच म्हणाला. पुरचुंडी घेऊन तो परतला.

त्यानं पाच आळी केली, शेणखत घातलं, मांडव दुरुस्त केला. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालायचा आणि आळ्याशी वाकून बसायचा. पंधरा दिवस झाले, महिना झाला. माती तशीच राहिली.

श्रावणात येसू माहेरी आली ती थेट परसात गेली. रिकाम्या मांडवाखाली दगड मात्र दोऱ्या बांधून तयार पडले होते. मग भावाचा मातीनं भरलेला हात तिनं हातात घेतला, पदरानं पुसला.

"दादा, तुझ्याही हाताला काय झालं रे?" असं म्हणून ती रडू लागली. सखोबाला तेव्हाही सांगता आलं नाही.

मुलांनो, तात्पर्य काय, तर बी वाटल्यानंच टिकतं. आपलं वाण दुसऱ्याच्या दारी वाढू नये म्हणून जो ते मारतो, त्याच्यावर वेळ येते तेव्हा मागायलाही कुठं दार उरत नाही.